शून्य कर, पण कशावर? सनीवेलहून डॅलसला आलेल्या एका घराचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रविवारी भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलहून फोन आला. "वहिनी, कंपनी डॅलसच्या ऑफिसात जायला परवानगी देतेय. तिकडे पगारावर राज्याचा कर शून्य, घरं पाव किमतीत. जूनमध्ये मुलांची शाळा संपली की ट्रक भरून निघायचं म्हणतोय."

आम्ही अकरा वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनोला राहतो. मी एका छोट्या कंपनीत पगाराचे हिशेब बघते. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय इथून येणाऱ्यांचे आकडे दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात आणि त्यातले बरेचजण पहिल्या वर्षाच्या शेवटी एकच प्रश्न विचारतात, "मग पैसे गेले कुठे?" भाऊजींवर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांना म्हटलं, ट्रकचं नंतर बघू, आधी तुमच्या घरचा वर्षभराचा जमाखर्च एका कागदावर मांडू. पुढचे तीन रविवार आम्ही फोनवर तेच केलं. दोघांच्या परवानगीने तो सगळा हिशेब इथे मांडते आहे, फक्त नावं गाळली आहेत.

घर चौघांचं. भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये, एच-वन-बी व्हिसावर, पगार १ लाख ७५ हजार डॉलर. ग्रीन कार्डची आय-१४०, म्हणजे कंपनीने त्यांच्यासाठी केलेली याचिका, मंजूर, पण भारतीयांच्या रांगेमुळे पुढचा टप्पा अजून बराच लांब. माझी धाकटी जाऊ फिजिओथेरपिस्ट, एच-फोर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरच्या वर्क परमिटवर अर्धवेळ काम, वर्षाला ५२ हजार. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. सनीवेलमध्ये दोन बेडरूमचं भाड्याचं अपार्टमेंट, भाडं महिना ३,४५० डॉलर. गाडी एकच. साताऱ्याहून आई, म्हणजे आमच्या सासूबाई, दर वर्षाआड पाच महिने येतात आणि मुक्काम दोन घरांत वाटून घेतात.

कागदाच्या पहिल्या ओळीवरच अडखळलो. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच तशी तरतूद केल्यामुळे तो सहजासहजी येणारही नाही. पगारावर राज्याचा कर नसलेली अशी नऊ राज्यं अमेरिकेत आहेत. दोघांच्या मिळून २ लाख २७ हजारांवर कॅलिफोर्नियाचा कर बारा हजारांच्या आसपास जात होता. शिवाय अपंगत्व विम्याची कपात होती. जानेवारी २०२४ पासून त्या कपातीची पगारमर्यादा काढून टाकली गेली आणि दर १.१ टक्के झाला, म्हणजे आणखी अडीच हजार. एकूण १४,४०० डॉलर वाचणार. भाऊजी खुशीत होते.

मग मी विचारलं, पगार तोच राहणार का? त्यांनी मनुष्यबळ विभागाला ईमेल केला आणि चार दिवसांनी उत्तर आलं, डॅलससाठी मूळ पगार दहा टक्के कमी. हे उत्तर फोनवर कुणीच सांगितलं नव्हतं. साडेसतरा हजार डॉलरची कपात. त्यातला काही भाग तसाही केंद्राच्या करात गेला असता, तो वजा केला तरी हातातले १२,७०० गेले. वाचलेल्या १४,४०० पैकी उरले १,७००. ज्या एका गोष्टीसाठी ते निघाले होते ती वर्षाला सतराशे डॉलरची निघाली. भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या सोमवारी त्यांनी नवा पगार, बोनस आणि स्थलांतराचे पैसे यांचं लेखी पत्र मागितलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात योग्य वेळी झालेलं हे सर्वांत मोलाचं काम.

कंपनीच्या शेअरचंही तसंच. कॅलिफोर्नियात असताना देऊ केलेले शेअर टेक्सासला आल्यावर हातात पडले तरी देऊ केल्यापासून हातात येईपर्यंत जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलं, तितक्या हिश्शावर कॅलिफोर्निया कर मागते. म्हणजे राज्य सोडलं म्हणून तिथलं विवरणपत्र लगेच सुटत नाही. भाऊजींना अजून दोन वर्षं तरी ते भरावं लागणार आहे. स्थलांतराच्या खर्चाची केंद्राच्या करातली वजावट २०१८ पासून सैन्यातले लोक वगळता जवळजवळ सगळ्यांसाठी बंद आहे आणि कंपनी देते ते स्थलांतराचे पैसे पगार म्हणून धरले जातात. आठ हजार मंजूर झाले, हातात साडेपाच हजारांच्या वर थोडे पडले. सामानाच्या कंटेनरला तेवढेच लागले. इथे बरोबरी झाली, पुढे चला.

व्हिसाची बाब मात्र अशी घाईत सोडण्यासारखी नव्हती. एच-वन-बी कामाच्या जागेला बांधलेला असतो. २०१५ च्या एका इमिग्रेशन निकालानंतर नियम स्पष्ट झाला: कामाची जागा एका महानगर विभागातून दुसऱ्यात गेली, तर कंपनीने आधी श्रम खात्याकडून नव्या जागेचा अर्ज मंजूर करून घ्यायचा आणि सुधारित याचिका दाखल करायची. ती दाखल झाल्यावरच नव्या जागी काम सुरू करता येतं. भाऊजींच्या मॅनेजरचं म्हणणं होतं, "पोचलास की सांग, कागद होतील." मॅनेजर माणूस भला, पण व्हिसा त्याचा नव्हता. कंपनीच्या वकिलांना कागद जमवून याचिका दाखल करायला सहा आठवडे लागले, म्हणून जूनची तारीख १२ जुलैवर गेली. जूनमध्येच निघाले असते, तर जुना करार संपलेला, नवं घर भाड्याने घेतलेलं आणि काम करायला परवानगी नाही, अशा कात्रीत सापडले असते.

ग्रीन कार्डचं दुसरं टोक. त्यासाठीचं श्रम खात्याचं प्रमाणपत्रही ठरावीक भागातल्या नोकरीसाठी असतं. आय-१४० मंजूर असल्यामुळे रांगेतली तारीख आणि तीन-तीन वर्षांची मुदतवाढ टिकते, पण ऑफिस कायमचं डॅलसला गेलं की ते प्रमाणपत्र सहसा नव्याने करावं लागतं, आणि तेव्हा त्याला दीड-दोन वर्षं लागत होती. पुन्हा सुरू कधी करणार आणि खर्च कोण देणार, हेही पत्रात यायला हवं होतं. तिथे कंपनीने सहा महिन्यांनी सुरू करू असं लिहून दिलं. मी वकील नाही आणि हे सगळं त्यांनी वकिलाकडूनच पक्कं करून घेतलं. पण व्हिसावर असलेल्या माणसाने घराआधी वकिलाला फोन करावा, असं मी आता कुणालाही सांगते.

जाऊबाईंच्या कामाचा विचार आम्ही उशिरा केला, हे माझंही चुकलं. तिचं वर्क परमिट कुठल्याही राज्यात चालतं, पण फिजिओथेरपीचा परवाना राज्याचा असतो. तीसहून जास्त राज्यांनी एकमेकांचे परवाने मानणारा करार केला आहे. त्यात टेक्सास आहे, कॅलिफोर्निया नाही. त्यामुळे तिला टेक्सासकडे नव्याने अर्ज करावा लागला: पुण्याच्या कॉलेजची कागदपत्रं, कॅलिफोर्नियाच्या परवान्याची खातरजमा, बोटांचे ठसे, राज्याच्या नियमांची परीक्षा. जुलैत येऊन ती प्रत्यक्ष कामाला लागली नोव्हेंबरच्या मध्यावर. चार महिन्यांचा पगार गेला, म्हणजे हातात येणारे तेरा हजारांहून जास्त. फेब्रुवारीतच अर्ज केला असता तर यातलं बरंचसं वाचलं असतं. शिक्षिका, नर्स, फार्मासिस्ट, सगळ्यांनाच हे लागू आहे.

आता घर. भाऊजींना आल्या आल्या घर घ्यायचं होतं. सनीवेलमध्ये साधं स्वतंत्र घर वीस लाख डॉलरच्या आसपास जातं, ते या जन्मी होणार नाही असं ते म्हणायचे. इथे डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या उत्तरेला नव्या वसाहतीत चार बेडरूमचं घर ५ लाख ८० हजारांना दिसत होतं. बिल्डरच्या माणसाने त्यांना फोनवर महिन्याचा हप्ता सांगितला ३,०१०. म्हणजे सनीवेलच्या भाड्यापेक्षा कमी! मी त्यांना त्या हप्त्याखाली आणखी चार ओळी लिहायला लावल्या.

वीस टक्के भरून ४ लाख ६४ हजारांचं कर्ज, पावणेसात टक्के, तीस वर्षं. ३,०१० हे फक्त मुद्दल आणि व्याज. खाली घरपट्टी. टेक्सास पगारावर कर घेत नाही, पण शाळा, शहर, काउंटी चालवायला पैसे लागतातच आणि त्यातला मोठा वाटा घरावर बसतो. या वसाहतीत 'मड'ही होता. पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला उभारलेलं कर्ज फेडण्यासाठी जो जिल्हा बनवतात, त्याला इथे सगळे मड म्हणतात. जुन्या वस्त्यांत तो नसतो किंवा फिटून गेलेला असतो. मडसकट दर २.४ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राहत्या घराची सूट धरूनही वर्षाला बारा हजारांच्या वर, महिना १,०६०. विमा महिना ३५०. वसाहतीची वर्गणी ८०. बेरीज साडेचार हजार. सनीवेलच्या भाड्यापेक्षा हजार डॉलर जास्त, आणि वर १ लाख १६ हजार रोख भरलेले.

यातला काही भाग मुद्दल फिटण्यात जातो, म्हणजे तो आपलाच. हे खरं आहे आणि म्हणून घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. मी म्हणते, ते स्वस्त समजून घेऊ नये.

इथे आमच्याच घरची गोष्ट सांगते, कारण ती भाऊजींना सर्वांत जास्त पटली. आम्ही २०१६ च्या शरदात नवं बांधलेलं घर घेतलं. टेक्सासमध्ये घरपट्टी १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. त्या १ जानेवारीला आमच्या प्लॉटवर नुसती माती होती, त्यामुळे पहिली पट्टी फक्त जमिनीवर आली. कर्ज देणाऱ्या कंपनीने तोच आकडा धरून हप्ता बसवला आणि आम्हीही काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पट्टी पूर्ण घरावर आली. मग एका शनिवारी टपालात पत्र: मागची तूट आणि पुढची खरी पट्टी मिळून हप्ता महिना अकराशे डॉलरनी वाढत आहे. ते पत्र हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवर दूध उतू गेलं. त्या वर्षी आम्ही भारतात गेलो नाही. कुणी आधी सांगितलं असतं तर बाजूला पैसे काढले असते, एवढंच.

विम्याचंही तपशिलात बघावं लागतं. उत्तर टेक्सासमध्ये मार्च ते जून गारा पडतात आणि छप्पर हा इथला मोठा खर्च आहे. वारा-गारपिटीसाठी वेगळी वजावट असते, बहुधा विमा उतरवलेल्या रकमेच्या एक किंवा दोन टक्के. चार लाखांवर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार आपले. शिवाय छप्पर जुनं झालं तर नव्याची किंमत देणार की झीज वजा करून, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. स्वस्त पॉलिसी बहुतेक वेळा झीज वजा करणारी निघते.

आणि माती. डॅलसच्या खाली काळी चिकण माती आहे, आपल्या सोलापूर-विदर्भातल्या कापसाच्या काळ्या मातीसारखीच. ज्याने ती पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको: पावसात फुगते, उन्हात हातभर भेगा पडतात. घर त्यावरच्या काँक्रीटच्या लादीवर उभं असतं. उन्हाळ्यात माती भिंतीपासून सुटली की लादी हलते, दारं अडकायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. म्हणून इथले लोक जुलै-ऑगस्टमध्ये घराच्या पायाला पाणी देतात, झिरपणारा पाइप भिंतीपासून फूटभर लांब टाकून. भाऊजी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा यांना पायाला पाणी देताना बघून त्यांना वाटलं, झाडं लावली आहेत. जुनं घर घेताना पायाची तपासणी वेगळ्या अभियंत्याकडून करून घ्यावी, यावर मी अडून बसते.

या सगळ्यानंतर ठरलं: पहिलं वर्ष भाड्याने. फ्रिस्कोत जुन्या वस्तीतलं तीन बेडरूमचं घर, महिना २,६५०. हे घर निवडताना दोन गोष्टींवर आम्ही ताणून धरलं. पहिली शाळा. पत्ता फ्रिस्कोचा असला तरी शाळा फ्रिस्कोच्याच जिल्ह्याची असेल असं नाही. काही घरं प्रॉस्पर, लिटल एल्म किंवा लुइसव्हिलच्या शाळाजिल्ह्यांत जातात. घराचा पत्ता जिल्ह्याच्या नकाशात टाकून बघितल्याशिवाय सही नाही.

शाळेबद्दल आणखी एक. मुलगी नववीत जाणार होती. टेक्सासच्या १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, पण ऑस्टिनच्या विद्यापीठाने तो सहा टक्क्यांवर आणला होता आणि २०२६ पासून पाच टक्के केला. आपली मुलं जिथे दाटीने आहेत त्या शाळांत पाच टक्क्यांत येणं किती कठीण असतं हे मी माझ्या मुलाच्या वेळी पाहिलं आहे. नामांकित शाळेच्या मागे लागून मुलीला मधल्या रांगेत ढकलायचं का, यावर दोघांचं खूप बोलणं झालं. मुलीलाही विचारलं. तिला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा होता, ज्या शाळेत बँड चांगला ती तिने निवडली. मला तिचा निर्णय आवडला.

दुसरी गोष्ट आईंची. सनीवेलमध्ये त्या सकाळी बागेत जायच्या, तिथे दोन तेलुगू आणि एक गुजराती आजी भेटायच्या, येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायच्या. इथे नव्या वसाहतीत दुकान चार मैलांवर आणि जुलैत ३८ अंशांच्या वर ऊन. गाडी न चालवणारा माणूस घरात बंद होतो. भाऊजींच्या हिशेबात ही ओळ नव्हती, जाऊबाईंनी ती लिहायला लावली. म्हणून घर असं घेतलं की वाचनालय आणि बाग चालत दहा मिनिटांत. त्यासाठी भाडं दीडशे जास्त पडलं. शिवाय आईंना सुरुवातीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बोलावायचं ठरलं. मराठी माणसांची वानवा इथे नाही. २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसलाच झालं, मराठी शाळा आहे, गणपती आहे. पण रोज सकाळी दहा वाजता बोलायला कुणी असणं ही वेगळी गरज आहे.

आल्यावरचे महिने तसे सुरळीत गेले. गाड्यांची नोंदणी तीस दिवसांत, वाहन चालवण्याचा परवाना नव्वद दिवसांत. एवढं पाळलं की झालं. विजेत मात्र पहिल्याच महिन्यात फटका बसला. इथे बऱ्याच भागांत वीजकंपनी आपण निवडायची असते. भाऊजींनी सर्वांत कमी दराची योजना घेतली. त्यात महिन्याला हजार युनिट पूर्ण झाले तरच सव्वाशे डॉलरची सूट होती. ते दहा दिवस आमच्याकडे राहिले, युनिट झाले ९६०, सूट गेली. पुढच्या करारात त्यांनी सरळ एक दर घेतला. आणि फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत लाखो घरांची वीज गेली होती, आमच्याकडे तीन दिवस नव्हती. म्हणून हिवाळ्याआधी पाणी, बॅटऱ्या, गॅसची शेगडी भरून ठेवायची, हे मी जाऊबाईंना पहिल्याच आठवड्यात दाखवलं.

दुसरी गाडी घ्यावीच लागली. भाऊजींचं ऑफिस २६ मैलांवर, मुलांना वेगळ्या दिशांना न्यायचं. जुनी गाडी १७ हजारांना, तिचा विमा दीड हजार, टोल वर्षाला अकराशे.

जुलै २०२५ मध्ये वर्ष पूर्ण झालं तेव्हा तोच कागद पुन्हा काढला. भाड्यात वाचले ९,६००, पगार-कराच्या जुळणीत १,७००. जास्तीची वीज, विमा, टोल मिळून ३,९०० गेले. म्हणजे नेमाच्या वर्षाला ७,४०० शिल्लक. पण जाऊबाईंचे बिनपगारी चार महिने धरले की पहिलं वर्ष सुमारे ५,८०० डॉलर तोट्याचं, गाडी वेगळीच. भाऊजी म्हणाले, "वहिनी, लोकांना सांगताना मी पंचवीस हजार वाचतात म्हणत होतो."

तरी त्यांना आल्याचा पस्तावा नाही, आणि मलाही त्यांनी यायला नको होतं असं वाटत नाही. त्यांना महिन्याचा खर्च कमी करायचा नव्हताच, त्यांना स्वतःचं घर हवं होतं. सनीवेलमध्ये ते अशक्य होतं, इथे अवघड पण शक्य आहे. हे त्यांना स्वतःलाच कागद भरताना कळलं, आणि मग वर्षभर घाई उरली नाही. भाड्याचा करार आणखी एक वर्ष वाढवला आहे. घरमालकाने ७५ डॉलर वाढवले, ते दिले. दर रविवारी ते दोघं एखादी वस्ती बघून येतात, सकाळी आठला एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा, रस्त्यावर गाड्या किती असतात ते बघायला.

परवा जाऊबाईंचा दुपारी फोन आला. मागे गाडीचा आवाज येत होता. "ताई, मॅकिनीला एक दहा वर्षं जुनं घर आहे. मड नाही, छप्पर दोन वर्षांपूर्वी नवं घातलंय. पण मागच्या खोलीचं दार नीट लागत नाही. तुमचा तो पाया बघणारा माणूस शनिवारी येईल का?"